करडं अस्तर

मान वर करण्याआधीच मला कळलं की खोलीत काहीतरी नारिंगी आलंय. हातात कोरं पांढरं कार्ड होतं, खिडकीच्या उजेडात धरलेलं, आणि त्याची डावी कड एकदम उबदार झाली, शेजारी कुणी पेटती शेगडी आणून ठेवावी तशी. पाहिलं तर दुसरा, माझा कामातला जोडीदार. जॅकेट सरळ घातलेलं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, छातीवर नव्या कंपनीचं चिन्ह. रोजच्यासारखा डबा कपाटावर ठेवून तो माझ्या डाव्या हाताला, त्याच्या नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग." इतक्या वर्षांत या माणसानं मला कधी गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं. "आलीस का" म्हणायचा, "मेलो गं, काय ऊन आहे" म्हणायचा, आदल्या दिवशी भांडण झालं असेल तर नुसताच घसा खाकरायचा. मी म्हटलं, "अरे, जॅकेट." तो म्हणाला, "हो, आज जरा गारठा आहे." आणि खिडकीबाहेर पाहू लागला, तिथे गारठा उभा असल्यासारखा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? माणसानं जॅकेट घातलं, तेही कंपनीनं दिलेलं, तेही सरळ. पण ही शेडची खोली आहे. खाली कारखान्यात रंग तयार होतो, डब्यात भरण्याआधी त्याचा एक हात कार्डावर देऊन ते कार्ड आमच्याकडे येतं, आणि मूळ कार्डाशेजारी ठेवून आम्ही सांगायचं, जुळला की नाही जुळला. काम एवढंच. त्यासाठी ही खोली मुद्दाम निर्जीव ठेवलेली आहे. भिंती करड्या, फरशी करडी, टेबल करडं, उजेड फक्त उत्तरेच्या खिडकीतून. इथे कुणी भडक कपडे घालून येत नाही, कारण कपड्याचा रंग कार्डावर सांडतो आणि डोळा फसतो. मी नवी होते तेव्हा एकदा हिरवा स्वेटर घालून आले, तर खोलीतल्या सगळ्यांत जुन्या माणसानं, काकांनी, दारातच अडवलं. "बाई, झाड होऊन आत येऊ नका," म्हणाले. काका तेव्हाही काकाच होते, आता निवृत्तीला टेकलेत. तेव्हापासून माझं कपाट उघडलं की ढगाळलेलंच असतं. लेक लहान असताना तिनं शाळेत आईचं चित्र काढलं, नुसत्या पेन्सिलीनं. बाईंनी विचारलं, रंग का नाही भरलेस, तर म्हणाली, भरलेत की. घरी आम्ही पोट धरून हसलो होतो. आता ते चित्र आठवलं की मी तितकी हसत नाही.

या खोलीत कुणीही एकट्यानं रंग पास करत नाही. एक पहिला डोळा, एक दुसरा डोळा. दुसऱ्यानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरायची, दोघांनी पाहायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि एकदम बोलायचं. एकानं हो म्हटलं आणि एकानं नाही, तर कार्ड काकांकडे. मी पहिली, तो दुसरा. कागदावर आमची काही नावं असतील ती असोत. खोलीत तो मला पहिली म्हणतो आणि मी त्याला दुसरा. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण बैठकीच्या पडद्यांवरून आमचं अजून एकमत नाही. दुसऱ्याबरोबर मात्र दिवसभर एकाच क्षणाला एकच शब्द बोलायचे. हो. हो. नाही. हो. यात किती जवळीक असते ते सांगून कळणार नाही, आणि त्याला नाव द्यायला गेलं तर लोक भलतंच नाव देतील. त्याची बायको, मी तिला वहिनी म्हणते, ती एकदा चेष्टेनं म्हणाली होती, "घरी हे कशालाच हो म्हणत नाहीत, सगळे हो तुमच्याकडे खर्च करून येतात." आम्ही तिघंही हसलो होतो.

मग माझा निळा जायला लागला. एकदम नाही. आधी फिकट निळे, मग राखेकडे झुकणारे. वेगवेगळी कार्डं मला सारखी वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडतंय, वयानं होतं ते, पिकलं की काढून टाकू, मग बघा, जग कसं धुतल्यासारखं निळंशार दिसेल. ते खुशीत सांगत होते. जग धुतल्यासारखं दिसलं तर इतकी वर्षं मी जो निळा पास केला तो कुठला होता? मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय. दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही, पण त्याला सांगायची गरजच नव्हती. निळ्यांवर आमचे आवाज वेगळे पडायला लागले होते. तीन-चार वेळा कार्ड काकांकडे गेलं, काकांनी भुवई उंचावली. त्यानंतर एक दिवस फिकट निळ्याची जोडी आली तेव्हा माझं लक्ष गेलं, दुसऱ्यानं कार्डं धरताना अंगठा वर ठेवलाय, नव्या कार्डाच्या कोपऱ्यावर. तो तसं कधी धरायचा नाही, अंगठा खाली असायचा. मी काहीतरी समजून "नाही" म्हणाले, आणि तोही त्याच क्षणी "नाही" म्हणाला. अंगठा वर असला की नाही, खाली असला की हो. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. मी आभार मानले नाहीत, त्यानं मानून घेतले नाहीत. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी उगीचच त्याच्या मुलासाठी चॉकलेट घेतलं, मुलगा कॉलेजात शिकत होता तरी.

त्यानंतर कंपनी विकली गेली. आम्हाला कळलं ते फाटकावरची पाटी बदलल्यावर. महिन्याभरात शेडची खोली हे नावही गेलं. आता आम्ही कलर एक्स्पीरियन्स हब, आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, दुसरा, काका आणि नुकतीच कामाला लागलेली धाकटी, असोसिएट. वर ऑफिसात गेलं की ते शब्द तोंडात घोळवायचे आणि खाली येऊन चूळ भरायची. नियमच होता, खोलीत ज्याच्या तोंडून नवा शब्द निघेल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे. काका मुद्दाम फोन उचलून भारदस्त आवाजात म्हणायचे, "हब बोलतोय," आणि कप घेऊन मोरीकडे जायचे. आम्हाला हसवण्यासाठी म्हातारा रोज कप विसळत होता. रंग मोजणारं यंत्र आलं, त्याला दुसऱ्यानं जावई नाव ठेवलं. गार हवा त्यालाच, पुसायला मऊ फडका त्यालाच, आणि काही बिघडलं तर चूक घरच्यांचीच. "जावई उठले का?" म्हणून धाकटी सकाळी बटण दाबायची. खरं सांगायचं तर जावई हुशार होता. आपलं डोकं कार्डावर टेकवायचा, स्वतःचा दिवा लावायचा, आकडा सांगायचा. शेजारी कोण काय घालून उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. आम्ही त्याची टिंगल करायचो ती घाबरलेली माणसं करतात तशी, जरा जास्तच मोठ्यानं.

आणि जॅकेट. एका सोमवारी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक पुडकं. नव्या कंपनीचा रंग नारिंगी, तर आवारात सगळ्यांनी नारिंगी जॅकेट घालायचं, शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत, म्हणे आपण सगळे एक. मी घरी घालून दाखवलं तर नवरा म्हणाला, "रस्ता खणायला चाललीस की ट्रॅफिक अडवायला?" इतर खात्यांना काय, घातलं आणि विसरले. आमच्या खोलीत मात्र हाहाकार. चौघं नारिंगी माणसं टेबलाभोवती जमली आणि सगळी कार्डं कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. काका कपाळाला हात लावून बसले. तेव्हा दुसऱ्यानं, यानंच, शांतपणे जॅकेट काढलं, बाह्या आतून बाहेर ओढल्या, उलटं करून परत अंगात घातलं. आत करडं अस्तर होतं. अगदी आमच्या भिंतींचं करडं. मानेवर मागे लेबल आलेलं, शिवणी बाहेर, खिसे पोटाशी लोंबतायत, आणि तो म्हणाला, "बघ गं पहिली, आतून आपलंच आहे."

त्या वाक्यावर आम्ही पुढचे किती महिने जगलो. खोलीच्या दारात पोचलं की जॅकेट उलटं, बाहेर जाताना सुलटं. धाकटी तर चालता चालता उलटायला शिकली होती. कँटीनमध्ये बसून आम्ही एकमेकांकडे पाहायचो, चौघंही नारिंगी, आणि चौघांनाही माहीत असायचं की आत काय आहे. शेजारच्या टेबलांवर लोक कोण राहणार, कोण जाणार याचे हिशेब मांडत असायचे. एकेका खात्यातली माणसं वर बोलावली जायची आणि खाली यायची ती वेगळीच वाटायची, काही तर परत खाली यायचीच नाहीत. आम्हाला वाटायचं, आपल्या अंगावर अस्तर आहे. जॅकेटच्या शिवणीनं का कुणाला वाचवलंय? पण वाटायचं खरं.

मग बातमी आली की नव्या कंपनीनं आमच्यावर नेमलेल्या मॅडम स्वतः खोली पाहायला खाली येणार. त्या आजवर कधी आल्या नव्हत्या, आम्हालाच वर बोलवायच्या. कुणीतरी म्हणालं, जावयाच्या शेजारी एकच डोळा ठेवणार आहेत. आम्ही चौघं चहाचे कप घेऊन बसलो आणि काकांनी तोडगा काढला. मॅडम येतील तेव्हा जॅकेटं सुलटी करायचीच नाहीत. चौघंही अस्तरात. एक उलटा असला तर वेडा ठरेल, पण चौघं एकदम उलटे दिसले तर त्यांना विचारावंच लागेल, हे काय? आणि मग सांगायचं. ही खोली अशी का आहे, डोळा कसा फसतो, दोन डोळे का लागतात, सगळं सांगायचं. पण कोण सांगणार? काकांची जीभ वरच्यांपुढे जड होते, धाकटी नवी. दुसरा म्हणाला, "पहिलीनं बोलायचं. तुझ्या बोलण्याला वजन आहे गं. आम्ही मागे उभे आहोत की." मी घरी तालीम केली. नवरा मॅडम झाला, हातात डाव घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारत म्हणाला, "हे काय असोसिएट, जॅकेट उलटं?" त्याचा छापखाना बंद झाल्यापासून स्वयंपाक तोच करतो आणि विनोदही. मी त्याला इतकं छान समजावून सांगितलं की तो डाव खाली ठेवून म्हणाला, "तुला काढलं तर गाढव आहेत." मला पगाराची काळजी नव्हती असं नाही. पण पगारापेक्षा भीती वेगळ्याच गोष्टीची होती. या खोलीबाहेर मी कुणाची पहिली नाही.

तर आज मॅडम येणार होत्या. आणि आज दुसरा सुलटा आला होता.

काका आणि धाकटी आपापल्या जागी होते, दोघंही अस्तरात. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. काका पुटपुटले, "आत्ताच आलाय, उलटेल." मीही तेच धरून बसले. आपल्या माणसाबद्दल वाईट सुचायच्या आधी मन किती गल्लीबोळ फिरून येतं. चेन अडकली असेल. घरी काही झालं असेल, वहिनीला बरं नसेल. वहिनीवरून रविवारचा तिचा फोन आठवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर ती म्हणाली होती, "डोळ्यांचं करून घ्या हो ताई, हल्ली काहीच नसतं त्यात, दुसऱ्या दिवशी माणूस हिंडूफिरू लागतं." मी "हो, बघू" म्हटलं होतं आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला होता. दूध खरंच होतं गॅसवर. आत्ता मात्र, हातात ते डाव्या कडेनं उबदार झालेलं कार्ड धरून, मला वाटलं, पण मी तर वहिनीला डोळ्यांचं कधी बोललेच नव्हते. मी ते कुणालाच बोलले नव्हते.

एवढ्यात मॅडम आल्या. माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. चेहरा प्रेमळ, आणि तोच मला जास्त जड गेला. खडूस असत्या तर भांडायला तरी बरं पडलं असतं. त्याही अर्थात नारिंगी. हातात एक चपटा डबा होता. "परीक्षा वगैरे अजिबात नाही हं," म्हणाल्या, "मला फक्त तुमचं काम पाहायचंय. यंत्र काय सांगतं आणि तुम्ही काय सांगता." माझ्या जॅकेटवर त्यांची नजर क्षणभर थांबली आणि सभ्यपणे पुढे गेली. विचारा, मी मनात म्हटलं, विचारा ना. त्यांनी विचारलं नाही. डबा टेबलावर ठेवून उघडला. आत कार्डांच्या जोड्या होत्या, एकीखाली एक नीट रचलेल्या.

सगळ्या निळ्या.

आमच्याकडे किती छटा येतात म्हणून सांगू, पिवळ्यांचीच अख्खी कपाटं आहेत, लाल आहेत, मातकट आहेत, ज्यांना धड नाव नाही असे कितीतरी आहेत. त्यातून कुणी न पाहता मूठभर उचलली असती तर एखाद-दुसरी निळी आली असती. या सगळ्याच्या सगळ्या निळ्या होत्या, आणि निळ्यांतही फिकट, राखेकडे झुकणाऱ्या, अगदी माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणाऱ्या. मी दुसऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेरच पाहत होता. त्याच्या गळ्याशी, चेन जिथे संपते तिथे, एक शीर उडत होती. तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर आधी राग नाही आला, लाज वाटली. भर बाजारात कुणी अंगावरचं काढून घ्यावं तशी. किती दिवस हे चाललं असेल? अंगठा वर ठेवताना तो मोजत होता का, माझा कुठला निळा गेला, कुठला उरलाय? की ती माया खरी होती आणि मग वरून कुणीतरी म्हणालं, एकच डोळा, आणि त्या मायेचाच त्याला उपयोग झाला? त्याला घर आहे, मुलाचं शिक्षण आहे. मला नाही का घर? मला सांगितलं असतंस तर, अरे, मला एकदा सांगितलं असतंस, पहिली, मला राहायचंय, तर मी कदाचित भांडले असते, कदाचित रडलेही असते, पण तुझ्यासाठी हो म्हटलं असतं. आयुष्यभर तुझ्याबरोबर हो म्हणत आले.

"कार्डं धरता का तुम्ही?" मॅडमनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नको, टेबलावरच बरी दिसतील." आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. नारिंगी खिशात.

मी पाहायला लागले. पहिली जोडी. डावं कार्ड उबदार वाटलं. ते त्याच्या जॅकेटमुळे की मुळातच? मनातल्या मनात नारिंगी वजा करायचा प्रयत्न केला. तसं करता येतं, पूर्वी मला यायचं, डोळा तरुण होता तेव्हा. "वेगळी," मी म्हणाले. माझा आवाज खोलीत एकटाच पडला. बरोबर दुसरा आवाज आला नाही, आणि पायरी चुकल्यावर जातो तसा माझा तोल गेला. त्यानं अर्धा श्वास थांबून म्हटलं, "सारखी." दुसरी जोडी. तिसरी. कार्डं मला अधिकाधिक उबदार दिसू लागली, डावंच नाही, आता उजवंही, टेबलाची कडसुद्धा. मला वाटलं, झालं, डोळा आत्ता, इथेच जातोय. मी वाकून पाहिलं, कार्डाला नाक लावायचं तेवढं बाकी होतं. "वेगळी," म्हणाले. मग घाबरून, "सारखी." मग परत, "वेगळी." धाकटीनं यंत्राचे आकडे हळू आवाजात वाचले. तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, पण सूर कळला.

मॅडमनी डबा अलगद जवळ ओढला. "ज्यांना तुम्ही वेगळ्या म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "त्या एकाच कागदातून कापलेल्या आहेत." यात जिंकल्याचा सूर नव्हता, उलट वाईट वाटल्याचाच होता. मग त्या पुष्कळ चांगलं बोलल्या. अनुभव वाया जाऊ देणार नाही. गिऱ्हाइकांचे फोन येतात, भिंतीला कुठला रंग शोभेल विचारतात, तिथे तुमच्यासारखी माणसं हवीत, बसून काम, उजेडाचा त्रास नाही. आणि डोळ्यांचं म्हणाल तर कंपनीचा विमा आहे, निःसंकोच सांगायला हवं होतंत. "त्रास नाही," मी मनात म्हटलं. फोनवरून रंग सांगायचे. न बघता.

आणि तेव्हा मला तालीम आठवली. स्वयंपाकघर, डाव, नवऱ्याचं ते 'गाढव आहेत'. मी सरळ उभी राहिले. मला वाटलं अजून वेळ गेलेली नाही, माझा डोळा गेला असेल पण माझं बोलणं खरं आहे, ते डोळ्यावर अवलंबून नाही. "मॅडम," मी म्हटलं, "एक सांगते. ही जॅकेटं आम्ही या खोलीत..."

"ताई," दुसरा म्हणाला, अगदी मऊ आवाजात, वयस्कर माणसाला रस्ता ओलांडून द्यावा तसा, "तुमचं जॅकेट उलटं घातलं गेलंय. सकाळपासून सांगणार होतो."

ताई. तुमचं. घातलं गेलंय.

मी काकांकडे वळले. काका, सांगा यांना. काका नारिंगी होते. धाकटी नारिंगी होती, तिचं जॅकेट तर इतकं झटपट सुलटं झालं होतं की एक बाही अजून मनगटाशी दुमडलेली होती. मी कार्डांवर वाकले होते तेव्हा. तेव्हाच कार्डं उबदार होत गेली होती, आधी डावं, मग उजवं, मग टेबल. माझा डोळा नव्हता जात. मी बरोबर पाहत होते. खोलीत एकेक माणूस उलटत होता आणि मी ते कार्डांवर पाहत होते आणि मला वाटत होतं की दोष माझा आहे. काकांनी जमिनीकडे पाहिलं. धाकटीला रडू येत असावं. ती पुढे आली आणि माझ्या मानेवरचं लेबल आत खोचायला लागली, जसं लेकरू करतं आईचं, किंवा नर्स करते पेशंटचं. "असू दे," म्हणून मी तिचा हात बाजूला केला. जॅकेट काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, अस्तर बाहेर होतं तसंच. आत माझा जुना करडा सदरा होता. मॅडम किंचित हसल्या, दयेनं. होतं असं घाईत, म्हणाल्या.

मी काय बोलू शकले असते ते सगळं मला तेव्हाच सुचलं, नंतर नाही. जॅकेट उलटं घालायची टूम यानंच काढली, हे. याचा अंगठा, हे. पण मग काका, महिन्यावर आलेली निवृत्ती. धाकटीचं मूल रांगतंय. आणि खरं सांगू का, ते नुसतं औदार्य नव्हतं, मला त्या खोलीत पुन्हा एकदा एकटीचा आवाज ऐकायचा नव्हता. मॅडम डबा बंद करता करता थांबल्या. त्यांनाच ओशाळं वाटलं असावं, शेवट असा नको म्हणून. "एक जोडी राहिली," त्या म्हणाल्या, "बघता?"

या वेळी ती जोडी दुसऱ्यानं उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. खिशातून हात बाहेर आले, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी आली, माझ्यासमोर, उत्तरेच्या उजेडात, मला हवी तेवढ्याच उंचीवर. आणि नव्या कार्डाच्या कोपऱ्यावर हळूच त्याचा अंगठा आला. वर. मी त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. नखाच्या कडेला कुठला तरी जुना पांढरा सुकलेला. त्याला पाझर फुटला असेल, किंवा सवय असेल, किंवा मॅडमसमोर मला शेवटचं खाली पाडायचं असेल. तो अंगठा खरं बोलतोय की खोटं, हे आयुष्यात पहिल्यांदा मला कळेना. निळा गेला तेव्हा इतकं गेलं नव्हतं.

"अंगठा काढ," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग त्याच्या हाताकडे. काकांनी मान वर केली. निळ्या कार्डांवरून त्यांनी कधी काळी उंचावलेली भुवई हळूहळू पुन्हा उंचावली. दुसऱ्याचा चेहरा जॅकेटहून लाल झाला. तो म्हणाला, "पहिली..." अंगठा निघाला. कोपरा मोकळा झाला. मी त्याला म्हटलं, "जरा मागे सर, उजेड अडतोय," आणि तो मागे सरला, खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि कार्डं त्याच्या हातातून मी माझ्या हातात घेतली.

मग मी पाहिलं. घाई केली नाही. आधी एक, मग दुसरं, मग दोन्ही, मग नजर करड्या भिंतीवर थंड करून पुन्हा दोन्ही, काकांनी शिकवलं होतं तसं. कितीतरी दिवसांनी मी एकटीनं एक निळा पाहत होते, आणि तो मला आवडला.

"मला ही सारखी दिसतायत," मी म्हटलं.

धाकटीनं कार्डं घेऊन जावयाच्या डोक्याखाली सरकवली. दिवा लागला, ती आकडा वाचायला वाकली. मी कपाटावरचा माझा डबा घेतला, खुर्चीवरचं जॅकेट तिथेच राहू दिलं आणि ती काय वाचते ते ऐकायला थांबले नाही.